खाते कोणी पाहिले? पतसंस्थेतील खातेदारांच्या नोंदींवर लक्ष ठेवण्याची पद्धत

कोकणातल्या पतसंस्थेत काउंटरच्या दोन्ही बाजूंना बहुधा एकाच पंचक्रोशीतली माणसे असतात. रोखपालाची आत्या ठेवीदार असते, लिपिकाचा भाऊबंद कोणाचा तरी जामीनदार असतो, आणि ज्याचे सोनेतारण कर्ज थकले आहे तो संचालकांच्याच वाडीतला असतो. ही ओळख हेच संस्थेचे भांडवल आहे. तिच्या बळावर ठेव येते आणि वसुलीही होते. परंतु त्याच ओळखीमुळे एखाद्याच्या खात्यात किती पैसे आहेत, हे पाहण्याची इच्छा इथे शहरापेक्षा फार अधिक असते, आणि पाहिलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीत पोहोचायला दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे अंतर्गत तपासणीचे काम पाहत होते. एका वृद्ध बाईंनी कलमांच्या बागेतला आपला हिस्सा विकून आलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवली होती आणि ती किती आहे हे घरातही कोणाला सांगितले नव्हते. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी पुतणे दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांना आकडाही ठाऊक होता, तारीखही. बाई शाखेत आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, "माजे पैशे किती आसत तां वाडीत कोणी सांगल्यान?" आम्ही सॉफ्टवेअर उघडले. प्रत्येक व्हाउचर (व्यवहाराचा नोंदकागद) कोणी केले, कोणी मंजूर केले, याची नोंद चोख होती. परंतु ठेवीचा चौकशी स्क्रीन गेल्या महिनाभरात कोणी उघडला, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतच नव्हते. त्याआधीच्या दोन्ही अहवालांत "संगणकीय नियंत्रण समाधानकारक" असे मीच लिहिले होते. बाईंना उत्तर देता आले नाही. त्यांनी ठेव मोडली आणि त्या गेल्या.

तेव्हापासून मी कोणत्याही संस्थेत पहिली गोष्ट हीच तपासते, की इथे बदल करणाऱ्याचीच नोंद होते की पाहणाऱ्याचीही होते. पुढे दिलेली पद्धत पाच-सात कर्मचाऱ्यांची शाखा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. मोठ्या सहकारी बँकेला, विमा प्रतिनिधीच्या कार्यालयाला किंवा दवाखान्यालाही ती थोड्या फेरफाराने लागू पडेल.

आधी सॉफ्टवेअरची परीक्षा

पुरवठादाराला दूरध्वनी करून "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल आहे का?" (म्हणजे कोणी काय केले याचा माग राहतो का?) असे विचारल्यास उत्तर नेहमी होकारार्थी येते, आणि ते बहुतेक वेळा व्यवहारांच्या नोंदीपुरतेच खरे असते. म्हणून विचारण्यापेक्षा चाचणी घ्यावी. शाखाधिकाऱ्याने स्वतःचे किंवा लेखी संमती दिलेल्या एखाद्या संचालकाचे खाते निवडावे आणि एका लिपिकाकडून पाच कृती करवून घ्याव्यात: नावाने शोध घेऊन खाते उघडणे, शिल्लक पाहणे, केवायसीतील फोटो व सही पाहणे, खातेउतारा छापणे, आणि तोच उतारा एक्सेलमध्ये उतरवून घेणे. एकही व्यवहार करायचा नाही. प्रत्येक कृतीची वेळ बाजूला बसून कागदावर लिहावी. संध्याकाळी पुरवठादाराकडून किंवा सॉफ्टवेअरमधून त्या दिवसाचा लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याची आपोआप होणारी नोंद, काढावा आणि कागदाशी ताडून पाहावा. पाचपैकी किती कृती लॉगमध्ये दिसतात, त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते कळते. छपाईची नोंद सापडते आणि पाहण्याची सापडत नाही, हा प्रकार मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे.

त्यानंतर पुरवठादाराला पत्र लिहावे आणि प्रत्येक पाहणीच्या नोंदीत काय हवे ते स्पष्ट मागावे: कोणत्या युजर आयडीने, कोणत्या दिवशी व किती वाजता, कोणत्या संगणकावरून, कोणते खाते, कोणत्या स्क्रीनवर पाहिले, खात्यापर्यंत खाते क्रमांकाने पोहोचले की नावाच्या शोधाने, आणि पुढे छपाई किंवा प्रत काढली का. शिल्लक रक्कम, आधार क्रमांक यांसारखा खुद्द मजकूर मात्र लॉगमध्ये उतरू देऊ नये. तसे झाल्यास पाहण्याच्या नोंदीचीच आणखी एक गोपनीय वही तयार होते आणि तिच्यावर पहारा ठेवण्याचे काम वाढते.

घड्याळाकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, यूपीएस दमतो, जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा तारीख भलतीच दाखवते. अशा यंत्रावरून झालेल्या पाहणीची वेळ चौकशीत टिकत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवायची आहेत. ही जुळवणी एकदाच करून ठेवता येते आणि तिला खर्च येत नाही.

लॉग शाखेतल्याच संगणकावर ठेवू नये. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे आहे त्याच्या हाताच्या अंतरावर लॉग असेल तर तो खोडता येतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी दाखवून दिले: वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा दप्तर आणि संगणक यांत पाण्याने भेद केला नाही. लॉगची प्रत रोज रात्री मुख्यालयात किंवा भारतातल्याच एखाद्या डेटा सेंटरमध्ये जावी, आणि ती शाखेतून केवळ वाचता यावी, बदलता येऊ नये. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग भारतात जपून ठेवायला सांगितले आहे, तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालील नियमांत हा काळ एक वर्ष आहे. माझ्या मते संस्थेने तो त्या वर्षाचे वैधानिक लेखापरीक्षण पूर्ण होऊन दोष दुरुस्ती अहवाल जाईपर्यंत वाढवावा, कारण तक्रारी बहुधा तेव्हाच वर येतात.

एका माणसाला एक आयडी

काउंटरच्या काचेखाली पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी असेल, तर वर सांगितलेले सर्व व्यर्थ आहे. रोखपाल जेवायला गेला की त्याच्याच लॉगिनवर दुसरा बसतो, शाखाधिकारी मीटिंगला गेले की त्यांचा पासवर्ड वापरून व्हाउचर मंजूर होते, आणि यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. गर्दी असते आणि खातेदार एसटीच्या वेळेकडे पाहत उभा असतो. परंतु असे एकदा जरी घडत असेल, तरी पुढे ज्याच्या नावावर पाहणी दिसेल तो "त्या वेळी मी नव्हतो" असे म्हणेल आणि त्याचे म्हणणे खोडता येणार नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याचे सर्वाधिक नुकसान यातच आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या बैठकीत हीच बाजू आधी सांगावी. शक्य असल्यास बोटाच्या ठशाचे साधन बसवावे. नसल्यास पाच मिनिटे काम थांबले की स्क्रीन आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी. रजेवरच्या माणसाचे काम दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याला सॉफ्टवेअरमध्येच असावा, म्हणजे पासवर्ड सांगण्याची वेळच येणार नाही.

नोकरी सोडणाऱ्याचा आयडी त्याच दिवशी बंद करावा, बदली झालेल्याचे जुन्या शाखेचे अधिकार त्याच दिवशी काढावेत, आणि दर तीन महिन्यांनी चालू आयडींची यादी हजेरीपटाशी ताडावी. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या अभियंत्याचा आयडीही या यादीत यायला हवा. तो दूरस्थ जोडणीने संगणकात येतो, सर्व खाती पाहू शकतो, आणि त्याच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. त्याला कायमचा प्रवेश न देता काम असेल तेव्हाच तो उघडावा, काम सुरू होण्याची व संपण्याची वेळ नोंदवावी, आणि शाखेतल्या एकाने त्या वेळेत स्क्रीनसमोर बसून राहावे.

कोणाला काय दिसावे

या मुद्द्यावर फार लांबण लावण्याची गरज नाही. जे दिसतच नाही त्यावर लक्ष ठेवावे लागत नाही, एवढे तत्त्व पुरे आहे. रोखपालाला बचत खात्याची शिल्लक लागते, मुदत ठेवींची यादी लागत नाही. पिग्मी प्रतिनिधीच्या (रोज दारोदारी फिरून छोटी ठेव गोळा करणाऱ्याच्या) यंत्रात त्याच्या स्वतःच्या खातेदारांचीच नावे असावीत. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच स्क्रीनवर यावेत. वारस नोंद, नमुना सही आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचा स्क्रीन हे तिन्ही दोन माणसांपुरतेच उघडे असावेत. कर्मचाऱ्यांची स्वतःची खाती त्यांच्या सहकाऱ्यांना दिसू नयेत. ती मुख्यालयाने पाहावीत. शाखेत सर्वाधिक चर्चा होते ती याच खात्यांची, आणि इथे गुप्तता राखली की कर्मचाऱ्यांना पुढच्या नियमांचे मोल स्वतःच्या अनुभवातून कळते.

पाहणीशी काम जोडणे

आता मुख्य भाग. लॉग काढला की पहिल्याच आठवड्यात शेकडो ओळी समोर येतात आणि त्या वाचून काहीच कळत नाही. प्रत्येक ओळ संशयाने वाचणे शक्य नाही आणि योग्यही नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे: या पाहणीमागे कोणते काम होते? ज्या पाहणीला काम सापडते ती बाजूला काढायची आणि ज्यांना सापडत नाही तेवढ्याच वाचायच्या.

त्यासाठी एक्सेलमध्ये दोन पाने घ्यावीत. एका पानावर आठवड्याच्या पाहण्या आणि दुसऱ्यावर त्याच आठवड्याच्या व्हाउचरांची यादी. दोन्ही पानांवर तारीख आणि ग्राहक क्रमांक एकत्र जोडून एक खूण तयार करावी, आणि पहिल्या पानावरची खूण दुसऱ्या पानावर आहे का हे काउंटइफ सूत्राने पाहावे. खूण खाते क्रमांकाची न करता ग्राहक क्रमांकाची करावी, कारण मुदत ठेवीचे व्याज बचत खात्यात जमा करताना लिपिक दोन्ही खाती पाहतो आणि व्हाउचरवर एकच दिसते. कर्जाच्या वेळी जामीनदाराचे खाते पाहणेही तसेच रास्त असते, म्हणून जामीनदारांचे ग्राहक क्रमांक कर्जखात्याशी जोडलेली यादी हाताशी ठेवावी.

या जुळवणीत दोन फसव्या जागा आहेत, आणि त्या मला स्वतःला उशिरा कळल्या. पहिली म्हणजे प्रणालीने आपोआप केलेली व्हाउचरे. ३१ मार्चला किंवा तिमाहीअखेर सर्व खात्यांवर व्याज पडते. ती व्हाउचरे यादीत राहिली तर त्या दिवशी कोणी कोणाचेही खाते पाहिले असले, तरी त्याला "काम" सापडते. दुसरी म्हणजे पिग्मीची रोजची भरणा यादी, जी एका फटक्यात शेकडो ग्राहकांवर नोंद टाकते. या दोन्ही प्रकारची व्हाउचरे जुळवणीच्या आधी काढून टाकावीत.

समजा, आठवड्यात ९०० पाहण्या झाल्या आणि त्यांतल्या ८०० व्हाउचरांशी जुळल्या. उरलेल्या शंभरांतही बहुतेक रास्तच असतात: खातेदार समोर येऊन शिल्लक विचारून गेला, वसुलीची यादी काढली, मुदतपूर्तीची सूचना पाठवली, वारसाने दावा दाखल केला. यांच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये कारण निवडण्याची सोय करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत काउंटरवर एक साधी चौकशी वही ठेवावी: वेळ, ग्राहक क्रमांक, कारण, सही. कारणांची यादी सहा-सातांपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यात "इतर" हे कारण ठेवू नये, कारण ते ठेवले की महिन्याभरात सगळीच कारणे "इतर" होतात. कारण नोंदवलेल्या पाहण्या वगळल्या की पंधरा-वीस ओळी उरतात. त्या मात्र एकेक करून वाचायच्या.

त्या वाचताना काय पाहावे, हे जागेवर अवलंबून आहे. पाहणारा आणि खातेदार यांचे आडनाव व वाडी एकच आहे का, हे आपल्याकडे आधी पाहावे लागते. मात्र एकाच वाडीत एकाच आडनावाची चाळीस घरे असतात, तेव्हा एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नावाने शोध घेऊन उघडलेले खाते हे क्रमांकाने उघडलेल्यापेक्षा अधिक बोलके असते, कारण खातेदार समोर असतो तेव्हा पासबुकावरचा क्रमांक हाताशी असतो. कामाची वेळ संपल्यावर, रजेच्या दिवशी, किंवा एकामागून एक क्रमाने उघडलेली खाती लगेच नजरेत भरतात. जमिनीची वाटणी, लग्न, निवडणूक किंवा मृत्यू असे गावात काही घडल्यानंतर त्या घरातल्या खात्यांच्या पाहण्या वाढल्या, तर तपासणाऱ्याला गावाची माहिती असणे उपयोगी पडते. बाहेरून आणलेला तपासनीस इथे कमी पडतो, असा माझा अनुभव आहे.

एका क्रमाकडे मी विशेष काळजीने पाहते. बरीच वर्षे व्यवहार नसलेले खाते, खातेदार मुंबईला किंवा वारलेला, आणि कोणी तरी ते विनाकारण पाहिले. पुन्हा काही दिवसांनी पाहिले, या वेळी नमुना सहीचा स्क्रीन. त्यानंतर मोबाइल क्रमांक बदलला, म्हणजे व्यवहाराचा संदेश आता दुसरीकडे जाणार. आणि मग पैसे काढले गेले. यांतल्या शेवटच्या पायरीला व्हाउचर असते, त्यावर सही असते, आणि लेखापरीक्षणात ते बिनचूक दिसते. आधीच्या तीन पायऱ्या पाहिल्या तरच गुन्हा पैसे जाण्याआधी पकडता येतो. म्हणून निष्क्रिय खात्यांची यादी वेगळी करावी आणि त्यांवरची प्रत्येक पाहणी, जुळो वा न जुळो, दुसऱ्याच दिवशी शाखेबाहेरच्या व्यक्तीकडे जावी. बँकांमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केलेले बचत खाते निष्क्रिय मानतात. पतसंस्थेनेही तीच मर्यादा धरावी.

प्रमाण ठरवताना मागच्या महिन्याशी तुलना करू नये. कोकणाचे वर्ष हंगामांनी चालते. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात आणि वर्षभराची चौकशी आठ दिवसांत करतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबा बागायतदारांच्या खात्यांवर उलाढाल वाढते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावरच्या शाखेत ठेवी मोडण्याच्या व सोनेतारणाच्या चौकशा वाढतात. गणपतीतला आठवडा मागच्या गणपतीतल्या आठवड्याशीच ताडावा. तिथीमुळे तारीख मागेपुढे होते, तेही लक्षात घ्यावे.

जिथे लॉग पोहोचत नाही

मोबाइलने स्क्रीनचा काढलेला फोटो कोणत्याही लॉगमध्ये येत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला वैयक्तिक मोबाइल वापरू नये, असा नियम करावा आणि तो शाखाधिकाऱ्यानेही पाळावा. शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर पासबुकाचे, आधार कार्डाचे किंवा थकबाकीदारांच्या यादीचे फोटो टाकण्याची सवय तर ताबडतोब बंद करावी. ती सोयीची वाटते, परंतु नोकरी सोडून गेलेला माणूस त्या गटात असतो आणि फोटो सर्वांच्या फोनमध्ये राहतात. मुंबईहून मुलाचा फोन येतो आणि "बाबांची पेन्शन जमा झाली का?" असे तो आपुलकीने विचारतो, तेव्हा नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी खात्यावर नोंदवलेल्या क्रमांकावर संस्थेने उलट फोन करून खुद्द खातेदाराशीच बोलावे.

कर्ज प्रकरणांच्या फायली, सोनेतारणाची नोंदवही आणि नमुना सह्यांची कार्डे कुलपात असावीत, आणि कपाटातून फाइल काढणाऱ्याने वहीत नाव व वेळ लिहावी. बिघडलेल्या झेरॉक्सची पाठकोरी पाने कच्च्या लिखाणासाठी वापरण्याची काटकसर चांगली असली, तरी त्यावर कोणाचे पॅन कार्ड असते ते पाहावे. असे कागद फाडून जाळावेत.

तपासणारा कोण

शाखाधिकाऱ्याने शाखा तपासावी आणि शाखाधिकाऱ्याला कोणी तपासू नये, ही रचना निरुपयोगी आहे, कारण सर्वाधिक अधिकार त्याच्याकडेच असतात. साप्ताहिक यादी मुख्यालयातल्या एका व्यक्तीने काढावी, शाखाधिकाऱ्याच्या पाहण्या लेखापरीक्षण समितीच्या एका संचालकाने पाहाव्यात, आणि संचालकांच्या सांगण्यावरून उघडलेल्या खात्यांची नोंद वेगळी ठेवावी. संचालकाने "अमक्याचे किती कर्ज आहे, जरा बघ" असे तोंडी सांगितले तर लिपिकाला नकार देता येत नाही. त्याला आधार म्हणून संचालक मंडळाने लेखी ठराव करावा, की वैयक्तिक खात्याची माहिती संचालकाला मंडळाच्या किंवा समितीच्या बैठकीतच मिळेल. निवडणुकीच्या वर्षात या ठरावाची किंमत कळते.

तपासणीला दिवस ठरलेला असावा. मी सोमवारची सकाळ सुचवते, कारण आठवड्यातले प्रसंग लोकांच्या आठवणीत ताजे असतात आणि "त्या बाई पाऊस थांबेपर्यंत इथेच बसल्या होत्या" असे नेमके उत्तर मिळू शकते. तेच तीन महिन्यांनी विचारल्यास कोणालाच काही आठवत नाही. पाहिलेल्या ओळींवर शेरा लिहून सही करावी. ज्या आठवड्यात काहीच सापडले नाही, त्या आठवड्याचा कागदही फाइलला लावावा.

विचारण्याची रीत

लक्ष ठेवले जाते हे कर्मचाऱ्यांपासून लपवू नये. मराठीत एक पानी सूचना काढावी: कोणत्या पाहण्या नोंदवल्या जातात, कोण तपासतो, किती काळ जपल्या जातात, आणि काय नोंदवले जात नाही. त्यांचे वैयक्तिक फोन, त्यांचे खासगी बोलणे, कळफलकावरची प्रत्येक कळ यांत संस्थेने शिरू नये. खातेदाराची अब्रू राखण्यासाठी कर्मचाऱ्याची अब्रू घेणे योग्य नाही. सूचना वाचून दाखवावी, प्रश्न घ्यावेत आणि मग सही घ्यावी.

न जुळलेली पाहणी सापडली की पहिला प्रश्न आरोप न करता, एकट्याला बोलावून आणि साध्या शब्दांत विचारावा. एका किनारी शाखेत एका लिपिकाने एकाच बाईचे खाते पंधरा दिवसांत अकरा वेळा पाहिले होते, एकही व्हाउचर नव्हते, आणि दोघांची वाडीही एकच होती. माझ्या मनात संशय पक्का झाला होता. विचारल्यावर कळले, की त्या बाईंना वाचता येत नव्हते, मुलगा बोटीवर होता, आणि त्याचे पैसे आले का हे विचारायला त्या जवळजवळ रोज येत असत. शिपायाने आणि रोखपालाने तेच सांगितले. चूक एवढीच होती, की चौकशी वहीत नोंद नव्हती. पहिलाच प्रश्न कारणे दाखवा नोटीस देऊन विचारला असता, तर एक चांगला माणूस दुखावला गेला असता आणि बाकीच्यांनी गरजूंना मदत करणे बंद केले असते.

उत्तर पटले नाही, तर मात्र गोष्ट तोंडी ठेवू नये. लेखी खुलासा मागावा, लॉगची प्रत सीलबंद करावी, त्या व्यक्तीचे संगणकीय अधिकार चौकशी संपेपर्यंत थांबवावेत आणि चौकशी त्या शाखेबाहेरच्या माणसाकडे द्यावी. माहिती बाहेर दिली असल्याचे दिसत असेल, तर केवळ शिस्तभंगाच्या कारवाईने भागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ नुसार, करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरलाभासाठी किंवा नुकसान करण्यासाठी संमतीवाचून उघड करणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. संगणक प्रणालीतील माहितीवर अनधिकृत प्रवेश झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हापासून माहितीचा भंग झाल्यास माहिती संरक्षण मंडळाला आणि खुद्द खातेदाराला विनाविलंब कळवावे लागेल, आणि मंडळाला ७२ तासांत तपशीलवार अहवाल द्यावा लागेल. योग्य सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. प्रवेशावर नियंत्रण, लॉग आणि त्यांची नियमित तपासणी ही त्या नियमांत सुरक्षेचा भाग म्हणून नावानिशी सांगितलेली आहेत, तेव्हा आपल्यासारख्या लहान संस्थेला हे लागू होत नाही, असे कोणी समजू नये.

खातेदाराने विचारल्यास

हे काम नीट बसले की एक गोष्ट आपोआप शक्य होते, आणि मी ज्या संस्थांना सल्ला देते त्यांना ती सुरू करण्याचा आग्रह धरते. "माझे खाते कोणी पाहिले?" असा अर्ज खातेदाराने दिला, तर त्याला एका पानावर उत्तर द्यावे. त्यात मागील बारा महिन्यांतल्या पाहण्या तारीखवार असाव्यात, प्रत्येकीसमोर काम लिहिलेले असावे: पैसे भरले, व्याज जमा केले, आपण समक्ष चौकशी केली, लेखापरीक्षण झाले. कर्मचाऱ्याच्या नावाऐवजी त्याचे पद लिहावे, म्हणजे गावात कोणाच्या दारात भांडण जाणार नाही. ज्या पाहणीला काम सापडले नाही तिच्यासमोर "कारण आढळले नाही, चौकशी चालू आहे" असे स्पष्ट लिहावे आणि चौकशी संपल्यावर दुसरे पत्र द्यावे. अक्षर मोठे असावे, खाली शाखाधिकाऱ्याची सही व शिक्का असावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते आतल्या खोलीत बसवून, दार लोटून, वाचून दाखवावे.